आधी यीस्ट उभं करा

दसरा उलटला की धावड्याच्या वाटेवर मक्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. शेतात उभा मका, खळ्यावर कणसांची रास, आणि डांबरी रस्त्याचा अर्धा पट्टा अडवून वाळत घातलेले पिवळेधमक दाणे. समोरून एसटी आली तर मोटरसायकलवाल्याने कडेला उतरायचं, पण दाण्यांवर चाक घालायचं नाही. भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अंगाचं, बुलडाणा जिल्ह्याच्या सीमेजवळचं हे गाव. पलीकडचं पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ आहे. मिरचीने दगा दिला तर मका तारतो आणि दोन्ही बुडाले तर पोरं एमआयडीसीची वाट धरतात, असा या पट्ट्याचा रिवाज.

मका जातो कुठे, असं खळ्यावर कुणालाही विचारा. कोंबड्यांच्या खाद्याला, स्टार्चच्या कारखान्याला, आणि अलीकडे इथेनॉलला, असं उत्तर येतं. २०२३-२४ च्या हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधनं घातली आणि मक्याचा भाव एकदम वधारला. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. थोडा मका बिअरमध्येही जातो. आपल्याकडच्या बऱ्याच बिअरमध्ये जवाच्या माल्टच्या जोडीला तांदूळ किंवा मका असतो. म्हणजे इथला दाणा कुणाच्या गाडीच्या टाकीत जाईल आणि कुणाच्या ग्लासात, ते बाजार ठरवतो. पण दोन्हीकडे मधलं काम एकाच जिवाच्या हाती आहे. त्याचं नाव यीस्ट.

धावड्यात मला भेटायचं होतं ते यीस्ट सांभाळणाऱ्या एका तरुणाला. सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी, मग काही वर्षं छत्रपती संभाजीनगरकडच्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, आता परत येऊन वडिलांबरोबर शेती. नाव छापू नका, ही त्याची पहिली अट. वडील माळकरी आहेत, आषाढीची वारी चुकत नाही. पोरगा कुठे कामाला आहे असं कुणी विचारलं की ते ‘एमआयडीसीत, लॅबला’ एवढंच सांगायचे. कोणत्या लॅबला, हे गावानेही फार खोदून विचारलं नाही.

“तसं पाहिलं तर बिअर आम्ही केलीच नाही, भाऊ,” तो म्हणाला. “आम्ही गोड पाणी करायचो. बिअर यीस्ट करायचं. माझी ड्यूटी म्हणजे यीस्ट जगलं पाहिजे, एवढीच.”

हे गोड पाणी म्हणजे वर्ट. जव भिजवून मोड आणायचे, ते भाजून माल्ट करायचं, भरडून गरम पाण्यात ठेवायचं. दाण्यातलीच विकरं स्टार्चची साखर करतात. ते पाणी गाळून घ्यायचं, हॉप्सची कडवट फुलं घालून उकळायचं आणि थंड करायचं. इथवरचं काम माणसाचं. पुढे त्यात यीस्ट पडतं, साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, आणि जाता जाता शेकडो वास-चवींची संयुगंही तयार करतं. किती यीस्ट पडलं आणि कोणत्या तब्येतीचं पडलं, यावर सगळा खेळ. कमी पडलं तर सुरुवातीचे तास रेंगाळतात आणि तेवढ्यात हवेतले, भांड्यातले जीवाणू आपली पंगत मांडून बसतात. मूठभर पेशींना पुष्कळ पिढ्या वाढावं लागतं, मग जळजळीत चवीची जड अल्कोहोलं जास्त होतात. शेवटी लोण्यासारखा वास आणणारं डायअसिटिल साफ करायला यीस्टमध्ये ताकद उरत नाही. कधी तर अर्ध्या साखरेवरच काम थांबतं.

म्हणून मोठ्या टाकीत उतरवण्याआधी यीस्टला छोट्या भांड्यात, पातळ वर्टमध्ये वाढवून घेतात. कारखान्यात याला प्रोपगेशन म्हणतात. परदेशात घरी बिअर करणारे हौशी लोक स्टार्टर म्हणतात. दुधाला विरजण लावण्यासारखंच हे, फक्त इथे विरजण मोजून लावायचं असतं.

आणि मोजायचं म्हणजे किती? वर्टच्या प्रत्येक मिलिलिटरमागे, साखरेच्या दाटपणाच्या प्रत्येक अंशाला (हा अंश प्लेटो नावाच्या मापाने धरतात) एल जातीच्या बिअरला साडेसात लाख पेशी, आणि थंडीत आंबणाऱ्या लागरला त्याच्या दुप्पट, असा जगभरचा ठोकताळा आहे. वीस लिटर वर्ट, दाटपणा १२ अंश धरला तर साध्या एलला १८,००० कोटी पेशी लागतात. परदेशी बाजारात मिळणाऱ्या द्रव यीस्टच्या पाकिटात ताजं असताना साधारण १०,००० कोटी असतात, आणि पाकीट फ्रिजमध्ये पडून राहिलं की त्या महिन्यागणिक मरत जातात. या दोन आकड्यांमधली दरी बुजवायला स्टार्टर. कोरड्या यीस्टची गोष्ट वेगळी. त्या दाण्यांत पेशी ठासून भरलेल्या असतात आणि वाळवण्याआधीच त्यांना पोसून घेतलेलं असतं, त्यामुळे त्याला बहुधा स्टार्टर लागत नाही. कोमट पाण्यात जागं केलं की पुरतं.

कोटींचे हे आकडे ऐकून मला वाटलं, हे पुस्तकी असणार. तो आत गेला आणि एक जुना मायक्रोस्कोप घेऊन आला. सोबत काचेची जाड पट्टी. तिच्या मधोमध नुसत्या डोळ्यांना न दिसणारी जाळी कोरलेली असते. रक्तातल्या पेशी मोजायला पॅथॉलॉजीवाले वापरतात तीच. पाव करण्यासाठी त्याने आदल्या रात्री कोमट साखरपाण्यात बेकरीचं यीस्ट आणि चमचाभर मैदा घालून ठेवलं होतं. बेकरीचं यीस्ट आणि एल बिअरचं यीस्ट एकाच जातीचं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. वाण तेवढे वेगळे. बरणीवर मलमलीचं फडकं होतं आणि खाली तळाशी पांढुरका साका.

त्याने बरणी हलवली, वरचं गढूळ पाणी एका चिमुकल्या नळीत घेतलं, विसाव्या हिश्श्याइतकं पातळ केलं आणि त्यात मिथिलीन ब्लूचा थेंब सोडला. पट्टीवर काच ठेवून कडेला ड्रॉपरचं टोक टेकवलं, तसं पाणी आपोआप आत ओढलं गेलं. मी डोळा लावला. सुरुवातीला नुसता धुरकट उजेड. त्याने बटण अंगठ्याने केसभर फिरवलं आणि चौकोनांची जाळी वर आली, तिच्यात साबुदाण्यासारखे गोल गोल ठिपके. काहींच्या कुशीला छोटा गोळा चिकटलेला. ती कळी, म्हणजे नवी पेशी. बहुतेक ठिपके बिनरंगी, काही थोडे निळे.

“निळे ते मेलेले,” तो म्हणाला. “जिवंत पेशी रंग आत घेते आणि त्याचा रंगच घालवून टाकते. मेलेली निळीच राहते. शंभरातले पाच निळे दिसले तर चालतं. पंधरा दिसले की शिफ्ट इन्चार्जला फोन.”

कळी अर्ध्याहून मोठी असेल तर दोन पेशी धरायच्या, लहान असेल तर एक. रेषेवर बसलेल्यांत वरच्या आणि डाव्या रेषेवरच्या घ्यायच्या, खालच्या-उजव्या सोडायच्या, म्हणजे तीच पेशी दोनदा मोजली जात नाही. पंचवीसपैकी पाच चौकोनांत साठ निघाल्या. पाचने गुणलं, तीनशे. दहा हजारांनी गुणलं, तीस लाख. वीस पट पातळ केलं होतं, म्हणून पुन्हा वीसने. एका मिलिलिटरला सहा कोटी. म्हणजे लिटरभर पाण्यात सहा हजार कोटी जीव, फडक्याखाली, स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावर.

शेजारीच त्याची आई अनारशाच्या तांदळाचं पाणी बदलत होती. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत फडक्यावर पसरायचे, दमट असतानाच दळून गूळ घालून मुरत ठेवायचे. आमची मोजदाद तिने बराच वेळ ऐकून घेतली. “वासानं कळतंय की,” ती म्हणाली. “त्याला दुर्बीन कशाला लागती?”

पोराने हसून मान डोलावली, पण मला वाटतं दोघंही बरोबर होते. अनारशाच्या पातेल्यात चुकलं तर एक घाणा जातो, जाळी पडत नाही, पीठ तुपात विरघळतं. कारखान्याच्या टाकीत चुकलं तर लाखभर लिटर माल गटारात. दुर्बीण त्यासाठी.

आता त्याने सांगितलेली स्टार्टरची रीत. जगभरचे हौशी लोक करतात तीही याहून फार वेगळी नाही. पाण्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी कोरडी माल्ट पूड, म्हणजे लिटरला शंभर ग्रॅम. जास्त नाही. नवखा माणूस इथेच चुकतो. पोरांना दाट खाऊ घालावं तसं यीस्टलाही दाट गोड पाणी देतो. पण साखर दाट झाली की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि पेशी वाढायचं सोडून जीव वाचवत बसते. स्टार्टरमध्ये आपल्याला बिअर नको असते, माणसं हवी असतात, असं तो म्हणाला. माणसं म्हणजे पेशी. पंधरा मिनिटं खळखळून उकळायचं, झाकून थंड करायचं, पंचवीस अंशांच्या आत आलं की यीस्ट सोडायचं. उकळल्यानंतर त्या पाण्याला जे जे लागेल, मग तो चमचा असो, फनेल असो की बोट, ते आधी निर्जंतुक केलेलं हवं.

मग हवा. पेशीच्या पडद्यात स्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ लागतो आणि तो तयार करायला प्राणवायू लागतो. एका पेशीच्या दोन झाल्या की हा साठा दोघींत वाटला जातो. सुरुवातीला हवा मिळाली नाही तर चार-दोन पिढ्यांनंतर पडदा लुळा पडतो. म्हणून फ्लास्कचं तोंड फॉइलने सैल झाकायचं आणि जाता-येता हलवायचं. प्रयोगशाळेत त्यासाठी चुंबकाचं फिरकं असतं, तळाशी गोळी घातली की रात्रभर भोवरा फिरत राहतो. चोवीस ते छत्तीस तासांत साखर संपते, पाणी सायीच्या रंगाचं होतं. फ्रिजमध्ये ठेवलं की यीस्ट तळाशी बसतं, वरचं आंबट-कडू पाणी ओतून टाकायचं आणि खालचा लगदा कामाला. ज्याला पुढची सोय करायची तो जास्तीचं वाढवतो आणि थोडं बाटलीत राखून ठेवतो.

कारखान्यात हीच शिडी उंच असते. कल्चर बँकेतून आलेल्या तिरक्या नळीतल्या आगरवरून सुईच्या टोकाएवढं यीस्ट घ्यायचं, दहा मिलिलिटरमध्ये सोडायचं, तिथून शंभरात, मग लिटरमध्ये, मग वीस-पंचवीस लिटरच्या तांब्याच्या किंवा स्टीलच्या भांड्यात. त्या भांड्याला सगळीकडे कार्ल्सबर्ग फ्लास्क म्हणतात. शेवटी प्रोपगेटर आणि टाकी. सुईपासून टाकीपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. एकदा उभं राहिलेलं यीस्ट मग टाकीच्या तळातून काढून पुढच्या टाकीत, असं आठ-दहा पिढ्या चालवतात आणि मग पुन्हा नळीपासून सुरुवात करतात, कारण पिढ्या वाढल्या की मेलेल्यांचं प्रमाण वाढतं आणि स्वभावही बदलतो.

ती तिरकी नळी महाराष्ट्रातच मिळते. पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिच्या आवारात १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह सांभाळला जातो. यीस्ट, बुरशी, जीवाणू, प्रत्येकाला नंबर. महाविद्यालयं आणि कारखाने तिथून वाण मागवतात. त्यांना पोसायचं खाद्यही ठरलेलं: माल्टचा अर्क, ग्लुकोज, यीस्टचा अर्क आणि पेप्टोन. मराठवाड्यातल्या पोरांनी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला हे चार घटक पाठ केलेले असतात. पुढे त्यांचं काय करायचं, हे बहुतेकांना संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत नोकरी लागल्यावर कळतं.

कार्ल्सबर्ग फ्लास्कच्या मागे मोठी कथा आहे. १८४५ साली कोपनहेगनचा ब्रुअर जे. सी. याकोबसेन म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीतून लागरचं यीस्ट घेऊन घोडागाडीने निघाला. पत्र्याच्या दोन डब्यांत यीस्ट, आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर डब्यांवर गार पाणी. घरी पोचलं तेव्हा यीस्ट जिवंत होतं. त्याच्या कार्ल्सबर्ग कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिस्तियन हान्सेन याने यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वंश वाढवला, आणि नोव्हेंबर १८८३ मध्ये त्या वंशाची पहिली बिअर लागली. तोवर टाकीत काय काय मिसळलंय याचा पत्ता नसे. एखादं रानटी यीस्ट शिरलं की सगळी ब्रुअरी कडू व्हायची. याकोबसेनने हे शुद्ध यीस्ट इतर ब्रुअरींना फुकट वाटलं. आज जगातली बहुतेक लागर ज्या पद्धतीने होते ती तिथून निघाली. आणि मौज अशी की त्याच कार्ल्सबर्गचा कारखाना आपल्या औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) औद्योगिक पट्ट्यात आला. फॉस्टर्स नव्वदच्या दशकाअखेरीस आली, मग एकामागून एक इतर. थंडीत, दहा-बारा अंशांना आंबणाऱ्या बिअरसाठी उन्हाळ्यात बेचाळीस अंश तापणारा मराठवाडा का निवडला? मुंबई-पुण्याची बाजारपेठ जवळ, जमीन मोकळी, आणि जायकवाडीचं पाणी.

पाण्यावरून या कारखान्यांना शिव्याही भरपूर बसल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात असताना बिअरचे कारखाने चालू कसे, हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. एप्रिलमध्ये खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांचं पाणी आधी ५० आणि मग ६० टक्के कापायला सांगितलं. एक लिटर बिअरला धुण्या-थंडवण्यासकट तीन-चार लिटर पाणी जातं. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हा हिशेब पटवणं अवघड आहे, आणि पटवूही नये. न्यायालयाने केलं ते योग्यच केलं. यीस्टवाल्यांची अडचण मात्र वेगळी असते. टाक्या रिकाम्या राहिल्या की या टाकीतून त्या टाकीत जाणारी साखळी तुटते. थंड ठेवलेला लगदा फार दिवस टिकत नाही, पुन्हा नळीपासून चढावं लागतं.

धावड्याच्या हवेत घरच्या फ्लास्कमधलं यीस्ट कसं टिकणार, हे मी विचारलं. मे महिन्यात नाहीच टिकत, असं तो म्हणाला. पस्तीस अंशांच्या वर साधं यीस्ट सुसाट सुटतं आणि असली अल्कोहोलं सोडतं की एका घोटात डोकं धरतं. नॉर्वेच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांकडे मात्र क्वाइक नावाचं यीस्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. लाकडाच्या कड्यावर किंवा कापडावर वाळवून ते घरात टांगून ठेवत, बिअर करायची वेळ आली की पाण्यात उतरवत. ते चाळीस अंशांच्या आसपास टाकलं तरी स्वच्छ चव देतं. २०१८ च्या जनुकीय अभ्यासात तो पाळीव यीस्टचा वेगळा गट ठरला. थंड देशातल्या शेतकऱ्याने गरम वर्ट निवायची वाट न बघता यीस्ट टाकलं आणि ते त्याला सोसत गेलं. आज हेच यीस्ट उष्ण देशांतले ब्रुअर मागवतात.

आपल्याकडेही यीस्ट जपून पुढे नेण्याच्या रीती होत्या. गोव्याचा पोदेर माडाची सूर घालून पाव फुगवायचा. ताज्या सुरेत रानटी यीस्ट भरलेलं असतं. बाजारातला जिलेबीवाला कालच्या घोळातली वाटीभर आजच्या मैद्यात ओततो. आणि डोंगराच्या कडेच्या गावांत मोहाचा सडवा. पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत ‘इतके लिटर रसायन नष्ट’ असं वाचतो ना, ते रसायन म्हणजे हाच: मोहाची फुलं किंवा काळा गूळ, पाणी, नवसागर, आणि लवकर उठावा म्हणून मागच्या सडव्याचा गाळ.

या नवसागराबद्दल मला मायक्रोस्कोपवाल्या पोराने जे सांगितलं ते कुठे लिहिलेलं वाचलं नव्हतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. गुळात साखर भरपूर, पण यीस्टला प्रथिनं बांधायला लागणारा नत्र जवळपास नाही. माल्टमध्ये तो आपोआप असतो. नवसागर तो नत्र पुरवतो. म्हणजे हातभट्टीवाला जे करतो तेच ब्रुअर अमोनियमच्या दुसऱ्या क्षाराने करतो, खाद्यदर्जाच्या, ग्रॅममध्ये तोलून. फरक तराजूचा. भट्टीवाल्याचं डबडं कधी धुतलेलं नसतं, नवसागर भांडी कल्हई करायचा, आणि पडतो तो मुठीने.

पण लोक मरतात ते सडव्याने नव्हे. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीला शंभराहून अधिक माणसं गेली ती मिथेनॉलने, म्हणजे कारखान्यातल्या विषारी अल्कोहोलच्या भेसळीने. आंबलेल्या गुळात किंवा धान्यात मिथेनॉल नगण्य असतं. विष बाहेरून येतं, आणि ते आणणाऱ्याला यीस्टची गरजही नसते. घर बुडतं ते मात्र कुठल्याही बाटलीने. ज्या गावातल्या बायकांनी दारू दुकान बंद करण्याच्या मतदानाला रांग लावून बाटली आडवी केली, त्यांना पेशींची संख्या सांगायला जाण्याची माझी हिंमत नाही. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा, हे सोपं काम नव्हे. त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईने नवऱ्याचा पगार आणि पोरांची वह्या-पुस्तकं यांचा हिशेब आधीच केलेला असतो.

कायदाही त्यांच्याच बाजूने लिहिलेला आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा, आता त्याच्या नावात महाराष्ट्र आहे. परवान्याशिवाय कोणतंही मद्य तयार करायला मनाई, आणि तयार करण्यासाठी साहित्य, भांडी जवळ बाळगणं हासुद्धा कलम ६५ खाली गुन्हा. प्यायलासुद्धा परवाना लागतो, मग तो एका दिवसाचा असो की आयुष्यभराचा. बिअरला वय २१, कडक दारूला २५. ब्रुअरीला परवाना मिळतो, मायक्रोब्रुअरीला मिळतो. २००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, आणि आज पुण्या-मुंबईत कोकम घातलेली बिअर आणि मधाची मीड करणारी मंडळी आहेत. घरी वीस लिटर बिअर लावणाऱ्याला मात्र परवान्याचा रकानाच नाही. त्यातली गंमत अशी की कायद्याच्या व्याख्येत माल्टपासून आंबवलेलं पेय म्हणजे बिअर. माल्टचं लिटरभर स्टार्टर एका दिवसात आंबून चार टक्क्यांच्या आसपास जातं. ते प्यायचं नसतं, पिववतही नाही. पण निरीक्षकाने बोट ठेवलं तर काय सांगणार? मायक्रोस्कोपवाला म्हणूनच मैद्याच्या आणि साखरेच्या पाण्यात यीस्ट वाढवतो आणि पाव करतो.

ब्रिटनने घरच्या बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये घरच्या बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि आज तिथे ज्या हजारो छोट्या ब्रुअरी आहेत त्यांचे बरेच चालक आधी स्वयंपाकघरात फ्लास्क हलवत होते. उलट जपानमध्ये एक टक्क्याहून कडक पेय घरी करायला आजही मनाई आहे. आपण जपानच्या रांगेत आहोत. मराठवाड्यातल्या गावांत उद्याच्या उद्या सगळ्यांना मोकळीक द्या, असं मी म्हणणार नाही; हौसेच्या नावाखाली कोण काय विकेल हे आपण सगळे जाणतो. पण आंबवणं आणि गाळणं या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या कराव्यात, एवढं नक्की म्हणेन. धोका भट्टीत आहे, आगीत आहे, भेसळीत आहे आणि चोरट्या विक्रीत आहे. स्वतःसाठी, मोजक्या लिटरच्या मर्यादेत, शुल्क भरून आंबवणाऱ्याला एक परवाना आणि गाळणाऱ्याला आहे तीच शिक्षा. मायक्रोब्रुअरीचा नियम होऊ शकतो तर हाही होऊ शकतो.

त्या तरुणाला आता मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या एका प्रकल्पाकडून विचारणा आली आहे. तिथेही प्रोपगेटर असतो, तिथेही कुणीतरी रात्रपाळीला निळे ठिपके मोजत बसतो; फक्त तापमान बत्तीस-तेहतीस अंश आणि माल गाडीत जाणार. जावं की शेती बघावी, हे ठरलेलं नाही. वडिलांना ही नोकरी चालेल का, असं मी विचारलं, तर वडीलच ओट्यावरून म्हणाले, “पेट्रोलात घालायचं असंल तर जाऊ द्या की.”

वाचणाऱ्यांपैकी कुणाला यीस्ट वाढवून बघायचंच असेल तर पावासाठी बघा. कोमट पाणी, चमचाभर साखर, मूठभर मैदा, चिमूटभर बेकरीचं यीस्ट. दुसऱ्या दिवशी त्यात कणीक मळा आणि ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ तापवून भाजा. बरणी अर्धीच भरा आणि झाकण फिरवून घट्ट लावू नका. आतला वायू बाहेर पडायला जागा मिळाली नाही तर काच फुटते, आणि ती डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवर ठेवलेली असते.